भादव्यातला ताप आधी कळेल काय?

आमच्या गावाकडे तापाला महिना असतो. ज्येष्ठात कोणी अंथरूण धरले तर शेजारी येऊन विचारतात, "काय झालं?" भाद्रपद-आश्विनात धरले तर कोणी विचारीत नाही. "भादव्यातला ताप" एवढे म्हटले की पुरे. आमच्या आजीच्या हिशोबात तर सालही ठरलेले असते. तिच्या मते धो धो कोसळून जाणारा पाऊस तापाचा नव्हे. उघडझाप करीत महिनाभर रेंगाळणारा पाऊस तापाचा. हे बोलणे मी लहानपणापासून ऐकत आले आणि कॉलेजात आल्यावर, खरे सांगायचे तर, अडाणीपणाच्या खात्यात टाकून मोकळी झाले. पुढे भूगोलाच्या तासाला आमच्या सरांनी हवामान आणि रोगराई यांचा संबंध सांगताना पंजाबातील एका जुन्या योजनेचा ओझरता उल्लेख केला. पावसाचे आकडे पाहून हिवतापाची साथ महिनाभर आधी सांगण्याची ती योजना होती. तास संपला, पण माझ्या डोक्यातून आजी आणि पंजाब काही जाईनात. तेव्हापासून ग्रंथालयात बसून आणि मोबाइलवर शोधून जे वाचले, त्यातून हा लेख सिद्ध झाला आहे.

पाऊस आणि ताप यांची गाठ कोठे पडते, हे आधी पाहू. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरास डासाच्या जठराच्या भिंतीवर हिवतापाचे जंतू वाढत असलेले दिसले, आणि दूषित हवेने हिवताप होतो ही शतकानुशतकांची समजूत मोडीत निघाली. परंतु रॉसच्या शोधातील एक गोष्ट आपण सहसा विसरतो. डास हा काही रोग इकडून उचलून तिकडे टाकणारा हमाल नाही. आजारी माणसाचे रक्त प्यायल्यावर ते जंतू डासाच्या पोटात वाढावे लागतात, तेथून त्याच्या लाळेत उतरावे लागतात, आणि मगच त्या डासाचा, किंबहुना मादीचा, दंश घातक ठरतो. या वाढीला दिवस लागतात. किती लागतात ते उष्णतेवर अवलंबून असते.

येथे थोडे गणित करावे लागेल. कला शाखेच्या वाचकांनी घाबरू नये. मीही गणिताला भिऊनच या शाखेत आले आहे. हिवतापाचा जो एक प्रकार आपल्याकडे आढळतो, त्या व्हायवॅक्स जंतूची वाढ हवेचे तापमान २० अंश सेल्सिअस असेल तर डासाच्या शरीरात सुमारे १९ दिवसांत पुरी होते. तापमान २५ अंश असेल तर सुमारे १० दिवसांत. १६ अंशांच्या आसपास ती जवळजवळ थांबतेच. आता डासाची मादी जगते किती? रानात नि घरात बहुतेक माद्या दोन-तीन आठवड्यांच्या पलीकडे जात नाहीत, कित्येक त्याआधीच मरतात. म्हणजे १९ दिवस लागत असतील तर जंतू तयार होण्यापूर्वीच बहुतेक डास मेलेले असतात, आणि १० दिवस लागत असतील तर पुष्कळसे जिवंत असतात. पाच अंशांच्या फरकाने केवढे अंतर पडले! पण केवळ उष्णता असूनही भागत नाही. वैशाखाच्या कोरड्या उन्हात डास फार दिवस टिकत नाहीत. हवेत दमटपणा असला म्हणजे त्यांचे आयुष्य वाढते. पाऊस दोन कामे करतो. डबकी भरून डासांना अंडी घालायला जागा देतो, आणि हवा दमट करून त्यांना जगू देतो.

आता दिवस मोजा. पाऊस पडून पाणी साचले, त्यात अंडी पडली, अळ्या झाल्या, कोष झाले, डास उडाला. यात आठ-दहा दिवस गेले. त्याने रोग्याला चावून जंतू घेतले व ते वाढले. आणखी दहा-बारा दिवस. तो दुसऱ्याला चावला, आणि त्या माणसाला ताप येईपर्यंत आणखी दोनेक आठवडे. महिन्याहून अधिक काळ सहज झाला. श्रावणातल्या पावसाचा ताप भाद्रपदाच्या अखेरीस किंवा आश्विनात अंथरुणावर टाकतो, याचे रहस्य एवढेच आहे. आणि अंदाजाचे सारे शास्त्र या मधल्या महिन्यावर उभे आहे. पाऊस तर डोळ्यांसमोर पडून गेलेला असतो. ताप यायचा असतो.

हे प्रथम पद्धतशीरपणे ओळखले गेले ते पंजाबात. त्या काळचा पंजाब म्हणजे आजचे भारत व पाकिस्तान या दोन्ही देशांत विभागलेला प्रांत. तेथे पाऊस लहरी. चार-पाच वर्षे कोरडी जात, मग एखाद्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये तो अतोनात पडे, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात तापाने माणसे पटापट मरत. १९०८ साली असाच भयंकर पाऊस झाला. त्या वर्षीच्या शरदात प्रांतात तापाने मेलेल्यांची संख्या तीन लाखांच्या घरात गेली. अमृतसरसारख्या शहरात जवळजवळ प्रत्येक घर आजारी पडले आणि रोजचे व्यवहार बंद पडले. या साथीचा शोध घेण्याचे काम एस. आर. ख्रिस्तोफर्स यांच्याकडे आले. त्यांनी १८६८ पासूनचे तापाच्या मृत्यूंचे आकडे काढले, जिल्ह्याजिल्ह्यांचे नकाशे तयार केले, त्यांच्याशी पावसाचे आकडे ताडून पाहिले आणि १९११ साली अहवाल प्रसिद्ध केला. साथीच्या मुळाशी त्यांना पाऊस सापडला. पण एकटा पाऊस नाही. पाऊस आणि टंचाई ही जोडी सापडली. ज्या सुमारास धान्य महाग होते, माणसे अर्धपोटी होती, त्या सुमारास आलेल्या पावसाने जास्त बळी घेतले.

ख्रिस्तोफर्स यांच्या या कामावर पुढे सी. ए. गिल या अधिकाऱ्याने अंदाजाची इमारत उभारली. १९२० नंतरच्या काही वर्षांत पंजाबात दरसाल साथीचा अंदाज काढला जाऊ लागला. त्यासाठी ते चार गोष्टी पाहत. पहिली, अर्थातच, पाऊस. दुसरी, मुलांच्या पाणथरीची तपासणी. हिवताप वारंवार आला की पोटात डाव्या बाजूस पाणथरी वाढते, ती हाताने चाचपता येते. पावसाळ्याच्या तोंडावर शाळेतील मुले तपासून किती जणांची पाणथरी वाढलेली आहे ते पाहत. येथे सामान्य वाचकाची गल्लत होण्याचा संभव आहे. माझी झाली होती. मला वाटले, जास्त मुलांची पाणथरी वाढलेली असेल तर धोका जास्त. गिल यांचा हिशोब नेमका उलट होता. बरीच वर्षे कोरडी गेली आणि मुलांच्या पाणथऱ्या साफ दिसल्या, तर त्याचा अर्थ असा की, या पिढीच्या अंगात हिवतापाशी झुंजण्याची सवय राहिलेली नाही. आता मोठा पाऊस आला तर साथ भडकेल. तिसरी गोष्ट म्हणजे त्या त्या भागातील ताप मागील अर्धशतकात कितपत उसळी मारीत आला आहे, याचे माप. काही भागांत तो दरवर्षी सारखाच राही, काहींत एकदम उफाळे. अशा उफाळणाऱ्या भागांवर विशेष लक्ष.

आणि चौथी गोष्ट गव्हाचा भाव.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसून राहिले. रोगाचा अंदाज करणारा डॉक्टर बाजारात जाऊन गहू काय दराने विकला जातो आहे हे विचारतो, ही कल्पना आज कोणास चमत्कारिक वाटेल. पण त्यात चमत्कारिक काय आहे? डास गरीब-श्रीमंत सर्वांना चावतो. तापातून उठतो तो, ज्याच्या घरात धान्य आहे. शीला झुरब्रिग या संशोधिकेने पंजाबच्या या साथींचा पुढे तपशीलवार अभ्यास केला, तिचा मोठा ग्रंथ २०१९ साली प्रसिद्ध झाला आहे. तिचे म्हणणे असे की, १९०८ नंतर पंजाबात पाऊस आणि डास काही नाहीसे झाले नाहीत, डीडीटीची फवारणी तर अजून फार दूर होती. तरीही तशा भयानक मृत्यूंच्या साथी ओसरत गेल्या, कारण दुष्काळात उपासमार होऊ न देण्याची व्यवस्था सुधारत गेली. गिल यांच्या काळानंतर, १९४९ साली, स्वरूप या संख्याशास्त्रज्ञाने या साऱ्या जुन्या अंदाजांचा पडताळा घेतला. ते अंदाज म्हणजे अंधारात मारलेले तीर नव्हते, असे त्यातून दिसून आले. संगणक नाही, उपग्रह नाही. पाऊस, पोरांची पोटे आणि गव्हाचा भाव यांवर हे साधले होते.

मात्र या कथेतील एका माणसाचा उल्लेख पुस्तकांत एका ओळीत उरकलेला असतो, त्याच्यापाशी मला थांबावेसे वाटते. १८६८ पासूनचे मृत्यूंचे आकडे ख्रिस्तोफर्स यांना मिळाले कोठून? गावोगावच्या चौकीदारांकडून. गावात कोण मेले, कशाने मेले, हे चौकीदार ठाण्यावर जाऊन सांगे आणि तेथे ते लिहून घेतले जाई. चौकीदार बहुधा निरक्षर. त्याला हिवताप आणि विषमज्वर यांतला फरक कसा कळणार? तो सांगे, "ताप." शास्त्रज्ञांनी या नोंदींना पुष्कळ नावे ठेवली आहेत, आणि ती रास्तही आहेत. तरीपण साथ आली की "ताप" या सदराखालचा आकडा टेकडीसारखा वर येई, आणि तेवढ्यावर जगातील एक आद्य अंदाज-योजना उभी राहिली. त्या माणसांनी नोंदच केली नसती तर पावसाचे आकडे कशाशी ताडून पाहणार होते?

आता आजच्या काळात येऊ. पद्धतीचे सूत्र तेच आहे, साधने बदलली. मागील कित्येक वर्षांचे तापमान, पाऊस, दमटपणा एका बाजूस मांडायचा. त्याच वर्षांतील रुग्णांचे किंवा मृत्यूंचे आकडे दुसऱ्या बाजूस. आणि कोणत्या हवामानानंतर किती आठवड्यांनी रोग वाढतो ते शोधायचे. आपण परीक्षेच्या आधी मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवतो, तसाच हा प्रकार. शहाणा विद्यार्थी त्यातली एक प्रश्नपत्रिका न पाहता बाजूला ठेवतो आणि शेवटी तिच्यावर स्वतःची परीक्षा घेतो. शास्त्रज्ञही काही वर्षांचे आकडे असेच झाकून ठेवतात आणि आपले गणित त्या वर्षांना लागू पडते का ते पाहतात. झाकलेल्या प्रश्नपत्रिकेत जो नापास झाला, त्याच्या अंदाजावर कोणी फवारणीचा पैसा खर्च करू नये.

आफ्रिकेतील बोट्स्वाना देशात हे काम फार चांगले झाले. तेथे डिसेंबर ते फेब्रुवारी हा पावसाचा मुख्य काळ आणि त्यानंतर हिवताप. तेथील शास्त्रज्ञांनी व त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी पडलेल्या पावसावर थांबण्याऐवजी पडणाऱ्या पावसाच्या हंगामी अंदाजाचाच उपयोग केला, आणि साथीची सूचना कित्येक महिने आधी देता येते असे २००६ साली दाखवून दिले. पंजाबात एका महिन्याची सवड होती, ती येथे चार-पाच महिन्यांची झाली.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण पुण्याचे आहे, आणि ते डेंग्यूचे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील सोफिया याकोब, रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातील डेंग्यूच्या मृत्यूंच्या नोंदी हवामानाशी ताडून पाहिल्या. त्यांचा निबंध जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. तापमान २७ अंशांच्या वर, पावसाळ्यातील दमटपणा ६० ते ७८ टक्के, आणि आठवड्याचा पाऊस १५० मिलिमीटरपर्यंत, असे जमून आले की पुण्यात डेंग्यू बळावतो. आठवड्यात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर उलट घटतो, कारण जोराच्या पाण्याबरोबर डासांची अंडी नि अळ्या वाहून जातात. शिवाय हंगामात पाऊस अगदी चढउतार करीत पडला तर डेंग्यू कमी, आणि बेताबेताने सारखा पडत राहिला तर जास्त. सुमारे दोन महिने आधी इशारा देणे या पद्धतीने शक्य आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. हे वाचून मी सुट्टीत आजीला सांगितले की, पुण्याचे शास्त्रज्ञ तुझ्यासारखेच बोलतात. ती म्हणाली, "मग एवढी वर्षं काय करत होते?" यावर मी निरुत्तर झाले. तिचे बोलणे म्हणजे शास्त्र नव्हे हे मला कळते. तिने आकडे मांडले नाहीत, चुकलेली वर्षे मोजली नाहीत. पण पाहिले होते खरे.

अंदाज खरा ठरला म्हणजे सारे पार पडले असेही नाही. २००६ साली हिंदी महासागर आणि पॅसिफिक या दोन्हींचे पाणी तापले, एल निनो आला, आणि पूर्व आफ्रिकेत अतिवृष्टी होणार हे दिसू लागले. तेथे रिफ्ट व्हॅली ताप नावाचा रोग आहे. तो गुराढोरांना आणि माणसांना होतो, आणि पुराच्या पाण्यात उपजणारे डास तो पसरवतात. उपग्रहाने समुद्राचे तापमान व रानातील हिरवळ पाहून शास्त्रज्ञांनी आठवडेच्या आठवडे आधी इशारा दिला. इशारा बरोबर होता. डिसेंबरात केनियात माणसे मरू लागली. जनावरांना टोचायची लस मात्र साथ सुरू झाल्यावर, जानेवारीत निघाली. ढोरांच्या कळपामागे फिरणाऱ्या माणसाला समुद्राचे तापमान कळून काय उपयोग, त्याच्या दारात लसवाला वेळेवर आला पाहिजे.

आता माझ्या मनातील मुख्य शंका सांगते. आमचे गाव दुष्काळी पट्ट्यातले. नळाला पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी येते. प्रत्येक घरापुढे पिंप, रांजण, सिमेंटची टाकी. जेवढे मावेल तेवढे पाणी भरून ठेवायचे. डेंग्यूचा एडिस डास डबक्यात फारसा जात नाही, त्याला असेच घरातले साठवलेले स्वच्छ पाणी लागते. त्याची अंडी पिंपाच्या कडेला चिकटून कोरडी राहिली तरी कित्येक महिने मरत नाहीत, पुन्हा पाणी चढले की फुटतात. म्हणजे ज्या वर्षी पाऊस कमी, त्या वर्षी आमच्याकडे पिंपे जास्त! पुण्याच्या पावसाचे गणित आमच्या गावाला जसेच्या तसे लावले तर ते म्हणेल, यंदा पाऊस नाही, धोका कमी. येथे पावसाबरोबर नळ किती दिवसांनी येतो हाही आकडा मांडला पाहिजे. पंजाबात गव्हाचा भाव मांडला होता, तसाच.

आणि दुसरी गोष्ट त्याहून अवघड आहे. गेल्या आश्विनात आमच्या घरी तिघेजण तापाने पडले. धाकट्या बहिणीचे हाल पाहवत नव्हते. गावातल्या डॉक्टरांनी "डेंग्यूसारखा दिसतो" म्हटले, गोळ्या दिल्या, सलाईन लावले. तालुक्याला नेल्यावर तेथे पट्टीवरची झटपट चाचणी झाली. ती डेंग्यूची निघाली. बहीण वाचली. पण सरकारी व्याख्येप्रमाणे पट्टीवरची चाचणी पक्की धरीत नाहीत, त्याला एलायझा नावाची प्रयोगशाळेतील चाचणी लागते, आणि ती कोणी केली नाही. आई आणि चुलते यांची तर कसलीच चाचणी झाली नाही. मजुरी बुडत होती, दोघे घरीच बरे झाले. वडिलांनी गाठीला असलेले पैसे बहिणीवर खर्च केले होते. पुढे एका कागदावर आमच्या गावाचा त्या महिन्याचा आकडा मी पाहिला. तेथे शून्य होते.

त्या आश्विनाचे आमच्या भागातील तापमान वेधशाळेकडे आहे. मंडळाच्या गावी पर्जन्यमापक आहे, सकाळी साडेआठचा पाऊस तेथे रोज लिहिला जातो. उद्या कोणी हुशार संशोधक हे सारे संगणकात घालील. त्याला दिसेल की, असल्या हवामानात या गावी एकही रुग्ण झाला नाही. आणि त्याचे यंत्र तेवढे शिकून ठेवील.

म्हणून सुट्टीत मी एक वही केली. पहिल्या रकान्यात आठवडा. दुसऱ्यात पाऊस; पर्जन्यमापक आमच्यापासून अकरा किलोमीटरवर आहे आणि तिकडचा पाऊस पुष्कळदा आमच्याकडे येत नाही, म्हणून अंगणात मोकळ्या जागी सरळ कडांचा एक पत्र्याचा डबा ठेवला आहे, त्यात पट्टी बुडवून धाकटा भाऊ साडेआठला मोजतो. तिसऱ्यात नळ किती दिवसांनी आला. चौथ्यात आमच्या आळीत ताप किती जणांना, चाचणी झाली की नाही. बाजरीचा भावही लिहायचा होता, तो वडील दर बाजाराला सांगतात. मी कॉलेजला परतल्यावर वही भाऊच सांभाळतो. मध्ये तीन आठवडे त्याने काहीच लिहिले नाही, परीक्षा होती. ते रकाने कोरे ठेवले आहेत. मागाहून आठवून भरू नकोस असे त्याला बजावले आहे. गेल्या महिन्यात आशाताई घरी आल्या होत्या, त्यांनी वही पाहिली आणि चौथ्या रकान्याची पाने मोबाइलवर टिपून नेली. शेजारच्या आळीतल्या नोंदी त्यांच्या डायरीत आहेत, त्या मी पुढच्या सुट्टीत उतरवून घेणार आहे.